परचित्ताचे स्वामी

कथेंतील सज्जनाविषयीं वाचकाला आदर वाटतो आणि दुर्जनाविषयीं कुतूहल वाटतें. आणि या दोहोंची शर्यत लागली, तर पुष्कळदां कुतूहलच पुढें जातें. कोंकणांतील दशावतारी खेळांत संकासुर रंगभूमीवर आला, कीं पेंगुळलेलीं मुलेंसुद्धां सावरून बसतात. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड आपले दुष्ट बेत आधीं प्रेक्षकांच्या कानांत सांगतो आणि त्यांना नकळत आपल्या कटाचे भागीदार करून घेतो. मिल्टननें १६६७ सालीं प्रसिद्ध केलेल्या महाकाव्यांत ईश्वरी न्यायाचें समर्थन करावयाचा संकल्प केला होता. पण पुढील पिढ्यांतील अनेक वाचकांच्या लक्षांत राहिला तो त्यांतला सैतान. तेव्हां खलपुरुष वाचकाला ओढतो, ही गोष्ट जुनीच आहे. गेल्या सवाशें-दीडशें वर्षांत मात्र या जुन्या घराण्यांत एक निराळाच पुरुष वाढीस लागला. त्याच्या हातीं तलवार नसते, तिजोरी नसते, पुष्कळदां रूपही नसतें. त्याच्यापाशीं असते ती एक नजर. आणि त्या नजरेच्या बळावर तो दुसऱ्याच्या मनांत शिरून तेथील धनी होतो.

या पुरुषाचें पाप इतर दुर्जनांच्या पापाहून जातीनेंच वेगळें आहे. दरोडेखोर घर लुटतो, तेव्हां घरधन्याच्या मनांतला संताप त्याला लुटतां येत नाहीं. जुलमी राजा माणसाला बेड्या घालतो. पण बेडींतल्या माणसानें मनांतल्या मनांत त्याला शाप द्यावयाचें म्हटलें, तर तो कसा अडविणार? प्रत्येक जुलमाच्या आड अशी एक शेवटची खोली शिल्लक राहते आणि तिची किल्ली कैद्याजवळच असते. परचित्ताचा स्वामी नेमकी तीच किल्ली पळवितो. त्याचा बळी ओरडत नाहीं, प्रतिकार करीत नाहीं. तो हंसतमुखानें आज्ञा पाळतो आणि ती आपलीच इच्छा होती असें समजतो.

भारतीय परंपरेला ही कल्पना अपरिचित नाहीं. तंत्रग्रंथांतील षट्कर्मांत मारण, उच्चाटन यांच्याबरोबर वशीकरणाचीही गणना आहे. महाभारताच्या शांतिपर्वांत सुलभा नांवाची संन्यासिनी योगबळानें जनकराजाच्या अंतरांत प्रवेश करते. तिचा हेतु वाईट नाहीं. जनक खरोखरच मुक्त झाला आहे कीं काय, एवढेंच तिला पाहावयाचें आहे. तरीही, कोणाच्या अनुमतीनें ती आपल्या हृदयांत शिरली, असा जाब जनक तिला विचारतोच. वादांत सरशी होते ती सुलभेची. परंतु जनकाचा तो प्रश्न पुढील सर्व कथावाङ्मयाला पुरून उरला आहे.

युरोपांत या कल्पनेला शास्त्राचा पोशाख मिळाला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. फ्रान्झ आंटोन मेस्मर हा वैद्य १७७८ सालीं पॅरिसला आला आणि सर्व प्राणिमात्रांत वाहणाऱ्या एका चुंबकीय प्रवाहाच्या जोरावर रोग बरे होतात, असें सांगूं लागला. त्याच्या उपचारांचा एवढा बोलबाला झाला, कीं १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें चौकशीमंडळ नेमलें. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे त्या मंडळांत होते. असा प्रवाह मुळीं नाहींच, दिसतो तो परिणाम रोग्याच्या कल्पनाशक्तीचा, असा त्यांनीं निर्णय दिला. पुढें १८४१ सालीं मँचेस्टरचा शस्त्रवैद्य जेम्स ब्रेड यानें असे प्रयोग पाहिले आणि निद्रावाचक ग्रीक शब्दावरून त्या अवस्थेला नवें नांव दिलें. तेंच आजचें हिप्नॉटिझम. त्याच दशकांत जेम्स एस्डेल या डॉक्टरानें बंगालमध्यें हुगळी येथें रोग्यांना मोहनिद्रेंत ठेवून शस्त्रक्रिया केल्या. १८४६ सालीं कलकत्त्यास त्यासाठीं एक रुग्णालयही निघालें. ईथर व क्लोरोफॉर्म आल्यावर ही पद्धति मागें पडली. शास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें, तर मोहनिद्रेंतील माणूस कळसूत्री बाहुली होत नाहीं. त्याच्या सहकार्यावांचून हा प्रयोग सिद्धीस जात नाहीं. कादंबरीकारांना मात्र शास्त्राची ही मर्यादा अडचणीची होती. त्यांनीं एवढेंच उचललें, कीं एक मनुष्य पाहतो आणि दुसरा झोपीं जातो. बाकीचें वाचकाच्या भयानें व हौसेनें पुरविलें.

या नव्या खलपुरुषाचा सर्वांत प्रसिद्ध पूर्वज म्हणजे स्वेंगाली. जॉर्ज द्यु मोरिए हा लंडनच्या ‘पंच’ या विनोदी पत्राचा नामांकित चित्रकार. उतारवयांत त्यानें ‘ट्रिल्बी’ नांवाची कादंबरी लिहिली. १८९४ सालीं ती आधीं ‘हार्पर्स’ मासिकांत क्रमशः व नंतर पुस्तकरूपानें निघाली. पॅरिसच्या लॅटिन वस्तींत तीन ब्रिटिश चित्रकार राहतात. ट्रिल्बी ही चित्रकारांपुढें नमुना म्हणून बसून पोट भरणारी, मोकळ्या मनाची तरुणी. तिचा आवाज मोठा, पण सुरांचें ज्ञान शून्य. साधें गाणेंही तिला सुरांत म्हणतां येत नाहीं. तेथें स्वेंगाली येतो. तो उत्तम वादक आहे. तसाच गलिच्छ, बढाईखोर आणि उसने पैसे बुडविणारा आहे. एकदां ट्रिल्बीला असह्य वेदना होत असतां तो तिच्याकडे टक लावून पाहतो आणि तिचें दुखणें थांबवितो. सापळा येथेंच आहे. स्वेंगालीच्या सत्तेचा आरंभ छळानें होत नाहीं, उपकारानें होतो.

पुढें कांहीं वर्षांनीं सारा युरोप ‘ला स्वेंगाली’ नांवाच्या एका अलौकिक गायिकेच्या नादीं लागतो. ती ट्रिल्बीच असते. स्वेंगालीची नजर तिच्यावर असली, कीं ती गाते. लंडनच्या प्रयोगाच्या वेळीं तो प्रेक्षागृहांतील आपल्या जागेवरच हृदय बंद पडून मरतो आणि रंगमंचावरील गायिका बेसूर होते. लोक हुर्यो उडवितात; आणि बिचारीला आपण येथें कशासाठीं उभ्या आहोंत हेंच कळत नाहीं. त्या वर्षांतील आपली कीर्ति तिला ठाऊक नाहीं, आपलें गाणेंही तिला आठवत नाहीं. पुढें स्वेंगालीचा जुना साथीदार गेको सांगतो, कीं ट्रिल्बी एक नव्हती, दोन होत्या; एक सर्वांना ठाऊक असलेली, आणि दुसरी स्वेंगालीनें घडविलेली. जगानें टाळ्या दिल्या त्या दुसरीला, आणि झिजून मेली ती पहिली.

या कादंबरीच्या नांवाचा पुढील इतिहासही बोलका आहे. कादंबरी ‘ट्रिल्बी’, १८९५ सालीं तिच्यावरून रचलेलें नाटकही ‘ट्रिल्बी’. पण लंडनला हर्बर्ट बीरबोम ट्री यानें स्वेंगालीची भूमिका केली आणि तीच गाजली. १९३१ सालीं जॉन बॅरिमोर या नटाला घेऊन अमेरिकेंत बोलपट निघाला, तेव्हां त्याचें नांवच ‘स्वेंगाली’ ठेवलें गेलें. ट्रिल्बीचें नांव उरलें तें मुख्यतः एका टोपीला. स्वेंगालीचें नांव मात्र दुसऱ्याला मुठींत ठेवणाऱ्या माणसाचें सामान्यनाम होऊन इंग्रजी कोशांत जाऊन बसलें. जिचें मन चोरीला गेलें, तिची कथाही अखेर चोराच्याच नांवावर चढली.

येथें एक कडू गोष्ट सांगणें प्राप्त आहे. द्यु मोरिएनें स्वेंगालीला ज्यू दाखविला आणि त्या समाजाविषयींचे त्या काळचे सगळे विषारी पूर्वग्रह त्याच्या अंगावर चढविले. मन पळविणारा चोर डोळ्यांना दिसत नाहीं. त्याचा पुरावा मागतां येत नाहीं. म्हणून ज्या समाजाविषयीं आधींच आकस आहे त्याच्यावर हा आळ घेणें फार सोपें जातें. अशा कथा वाचतांना लेखक कोणाला मोहिनी घालणारा ठरवितो, इकडेही लक्ष ठेवलें पाहिजे तें याचसाठीं.

असें असतां वाचकाला या चोराची ओढ कां वाटावी? पहिलें कारण उघड आहे. सामान्य माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या मर्जीनें चालतो. कचेरींत साहेबाची मर्जी, घरीं वडीलधाऱ्यांची मर्जी, बिऱ्हाडांत घरमालकाची मर्जी. एका बढतीसाठीं वर्षेंच्या वर्षें आर्जवें करावीं लागतात. आवडत्या माणसानें ‘होय’ म्हणावें म्हणून तिष्ठत राहावें लागतें. अशा माणसाला एका नजरेंत सर्वांना वांकविणारा नायक भेटला, तर त्याच्या पाठीमागें उभें राहून घटकाभर सत्ता चाखावीशी वाटणें साहजिक आहे. म्हणूनच हा नायक बहुधा उपेक्षित असतो. कुरूप, दरिद्री किंवा अपमानित. आरंभीं त्याच्यावर अन्याय होतो, आणि तो सूड घेऊं लागतो तेव्हां वाचकाची सहानुभूति त्याला आगाऊच मिळालेली असते.

दुसरें कारण याच्या उलट आहे आणि तें कबूल करावयास जड जातें. माणसाला हुकूम करावासा वाटतो, तसा हुकूम ऐकावासाही वाटतो. रोज निवड करणें आणि त्या निवडीचा दोष पत्करणें, याचा शीण येतो. ज्याच्या मनाचीं सूत्रें दुसऱ्याच्या हातीं गेलीं, त्याला कोणी दोष देऊं शकत नाहीं. त्याला गाणें येतें, पण शिकण्याचे कष्ट आठवत नाहींत. त्याच्या हातून पाप घडतें, पण पश्चात्ताप त्याच्या वांट्याला येत नाहीं. वाचक एकाच वेळीं स्वामीच्या आसनावरही बसतो आणि दासाच्या पायरीवरही. आणि या दोन विरुद्ध वासनांची एकाच कथेंत तृप्ति होते.

तिसरें कारण कथाकलेचें आहे. सज्जन नायक बहुतेक वेळां आलेल्या संकटाला तोंड देतो. संकट रचतो तो खलपुरुष. कथेचें चाक त्याच्या हातीं असतें. तोच नायक झाला, म्हणजे त्याचे बेत, त्याचीं भयें, त्याची फजिती, सारें वाचकाला आंतून दिसूं लागतें. आणि ज्याचें गुपित आपल्याला कळतें, त्याच्याविषयीं आपल्याला जवळीक वाटूं लागते, मग तें गुपित कितीही काळें असो.

ही ओढ केवळ खाजगी राहती, तर तिची चर्चा करमणुकीच्या सदरांतच संपती. पण पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपांत परचित्ताचा स्वामी दिवाणखान्यांतून चव्हाट्यावर आला. १९२० सालच्या ‘डॉक्टर कालिगारी’ या जर्मन मूकपटांत जत्रेंत खेळ करणारा डॉक्टर एका निद्राभ्रमी तरुणाकडून खून करवितो. नॉर्बर्ट जाक याच्या कादंबरींतील डॉक्टर माबुझे १९२२ सालीं फ्रिट्झ लांग यानें पडद्यावर आणला. हा नजरेच्या बळावर जुगाराच्या अड्ड्यांपासून शेअरबाजारापर्यंत सर्वत्र गोंधळ माजवितो. त्याच माबुझेवरील लांगच्या पुढच्या चित्रपटावर १९३३ सालीं नाझी सरकारनें जर्मनींत बंदी घातली. स्वामी होऊं पाहणाऱ्यांना आपली तसबीर ओळखूं आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या काळांतील सर्वांत मार्मिक कथा टोमास मान याची आहे. ती १९३० सालीं प्रसिद्ध झाली. इटलींतील समुद्रकांठच्या एका गांवीं चिपोला नांवाचा व्यंग असलेला जादुगार प्रयोग करतो. प्रेक्षकांना तो आवडत नाहीं, पण उठून जाववतही नाहीं. रोमचा एक तरुण गृहस्थ, कांहीं झालें तरी नाचावयाचें नाहीं असा निश्चय करून उभा राहतो. आणि अखेर नाचतो. त्याच्या पराभवाचें कारण कथेंतच सुचविलेलें आहे. त्याच्याजवळ फक्त नकार होता. आपल्याला काय हवें आहे, याचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें, आणि नुसत्या नकारावर इच्छाशक्ति फार वेळ तग धरीत नाहीं. शेवटीं चिपोला मारिओ नांवाच्या साध्या पोऱ्याच्या हृदयांतील प्रेमाचीच भर सभेंत विटंबना करतो. मारिओ शुद्धीवर येतो आणि त्याला गोळी घालतो. मुसोलिनीच्या इटलींतील हवा या कथेंत किती भरलेली आहे, हें वेगळें सांगावयास नको.

महाराष्ट्रांतही याच सुमारास अशी एक नजर पडद्यावर चमकली. पुण्याच्या प्रभात कंपनीनें १९३४ सालीं मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत काढलेल्या ‘अमृतमंथन’ या बोलपटांतील राजगुरु आठवावा. राजानें देवीपुढील बलिदान बंद केलें, म्हणून हा राजगुरु त्याचा वध करवितो. मराठींत केशवराव दाते यांनीं व हिंदींत चंद्रमोहन यांनीं ही भूमिका केली. आणि चंद्रमोहन यांचा पडदाभर दिसणारा एक डोळा प्रेक्षकांच्या कायमचा स्मरणांत राहिला. राजगुरु मेस्मरचा शिष्य नाहीं. त्याचें सामर्थ्य भाविकांच्या श्रद्धेंत आहे. पण परिणाम तोच. वध करणाऱ्याला आपण देवीची आज्ञा पाळतों असें वाटतें. दिग्दर्शक शांतारामांनीं त्या दुष्टाला क्षुद्र केलें नाहीं; अखेर तो आपलेंच मस्तक देवीला वाहतो. त्याची स्वतःची श्रद्धा खरी होती, हेंच त्यांतील भयंकर सत्य आहे.

मग या सर्व स्वामींना शेवटीं मिळतें काय? या प्रश्नाचें उत्तम उत्तर आयझॅक असिमॉव्ह यानें १९४५ सालीं एका अमेरिकन मासिकांत लिहिलेल्या भविष्यकथेंत आहे. तिच्यांतील ‘म्यूल’, म्हणजे खेचर, हा विक्षिप्त देहाचा, निपुत्रिक राहण्याचा शाप घेऊन आलेला पुरुष. लोकांच्या भावना हव्या तशा वळविण्याची शक्ति त्याच्या अंगीं आहे. शत्रूचा सेनापति त्याच्या भेटीनंतर त्याचाच निष्ठावंत सेवक होतो. तारामंडळांमागून तारामंडळें जिंकणारा हा पुरुष एका भेदरलेल्या विदूषकाच्या वेषांत बेटा नांवाच्या स्त्रीच्या व तिच्या पतीच्या सोबतीनें प्रवास करतो. त्याच्या विजयाला हवें असलेलें शेवटचें गुपित एका पंडिताच्या ओठांवर येतें, आणि तेवढ्यांत बेटा त्या पंडिताला गोळी घालून तें गुपित वांचविते. म्यूलचें खरें रूप तिनें ओळखलेलें असतें. तिला तें ओळखतां कसें आलें? तर त्यानें तिच्या मनाला कधीं हातच लावला नव्हता. ती त्या विदूषकावर आपण होऊन माया करीत होती. साऱ्या जन्मांत त्याला न मागतां मिळालेली ती एकच माया. तिला धक्का लावण्याचें त्याला धैर्य झालें नाहीं, आणि तेथेंच त्याचा पराभव झाला.

स्वेंगालीपासून आजपर्यंतच्या सर्व परचित्तस्वामींचें दुःख या एका प्रसंगांत सांपडतें. प्रेम, आदर, मैत्री या गोष्टी दुसऱ्यानें स्वखुशीनें दिल्या, तरच त्यांना किंमत. ‘नाहीं’ म्हणण्याची मुभा ज्याला उरली नाहीं, त्याच्या ‘होय’ला अर्थ राहत नाहीं. म्हणून हा स्वामी जितका विजयी होतो तितका एकाकी होतो. त्याच्या दरबारांत सगळे बोलतात, पण ऐकूं येतो तो त्याचाच आवाज. उत्तम लेखक हें एकाकीपण दाखवितो, आणि वाचकाला त्या दुष्टाची कींव येऊं लागते. ही कींव म्हणजे क्षमा नव्हे.

हा वंश अद्याप खुंटलेला नाहीं. जपानमध्यें २००६ सालीं सुरू झालेल्या ‘कोड गिआस’ या चित्रमालिकेचा नायक लेलूश याला डोळ्याला डोळा भिडवून कोणालाही एकदांच आज्ञा देण्याची शक्ति मिळते. तो परकीय साम्राज्याविरुद्ध लढतो, म्हणून प्रेक्षक त्याच्या बाजूला असतो. मग एके दिवशीं शक्ति त्याच्या ताब्याबाहेर जाते आणि थट्टेंत उच्चारलेलें एक वाक्य आज्ञा ठरतें; त्याची लाडकी सावत्र बहीण युफेमिया त्यामुळें कत्तलीस प्रवृत्त होते. शक्ति वापरणारा शुद्ध हेतूचा असला म्हणजे भागलें, ही समजूत तेथें कोसळते. अखेर साऱ्या जगाचा द्वेष आपल्या अंगावर ओढून घेऊन तो ठरवून मरण पत्करतो. याच्या उलट बाजूनें पाहिलें आहे तें २०१५ सालच्या ‘जेसिका जोन्स’ या अमेरिकन मालिकेनें. तिच्यांत आज्ञा देणारा किलग्रेव्ह आहे. पण कथा आहे ती त्याच्या तावडींतून सुटलेल्या स्त्रीची. तो पुनःपुन्हा प्रेमाची भाषा बोलतो, आणि त्या प्रेमाच्या दिवसांत आपल्यावर काय ओढवलें होतें, हें ती सांगते. ट्रिल्बीला जें आठवत नव्हतें तें जेसिकेला आठवतें, आणि म्हणून कथेचें नांव या वेळीं चोराकडे गेलें नाहीं.

घरांतील तरुण मुलेंमुली अशा काळोख्या कथा वाचतांना दिसलीं, म्हणजे पुष्कळ आईबाप चिंतेंत पडतात. चिंता अगदींच अनाठायीं नाहीं. ज्या कथेंत बळी म्हणजे केवळ खेळणें असतें, त्याच्या मनाचें दार कधीं उघडतच नाहीं आणि स्वामीच्या विजयाला कांहीं मोल द्यावें लागत नाहीं, ती कथा वाचकाच्या सत्तालोभाला गोंजारून सोडून देते. परंतु पुस्तक हिसकावून घेतल्यानें कुतूहल मरत नाहीं. तें उशीखालीं जाऊन बसतें. त्यापेक्षां मुलांशीं त्या कथेविषयीं बोलावें आणि एवढेंच विचारावें, कीं ज्याचें मन चोरीला गेलें तो या पुस्तकांत कोठें आहे? तो कधीं शुद्धीवर येतो काय, आणि आला तर काय म्हणतो? या प्रश्नाचें उत्तर ज्या कथेजवळ आहे, तिच्यांतला दुष्ट कितीही मोहक असला तरी त्याच्यापासून भय नाहीं.

वस्तुतः कथाकार हाही एक प्रकारचा मोहिनी घालणाराच आहे. तो सांगेल त्याचें दुःख आपल्याला होतें, तो दाखवील त्याचें प्रेम आपल्याला वाटतें. तासभर आपलें मन त्याच्या स्वाधीन असतें. भेद आहे तो एवढाच, कीं ही अनुमति वाचकानें स्वतः दिलेली असते आणि पान मिटून ती केव्हांही परत घेतां येते. जनकानें सुलभेला जो जाब विचारला, तो विचारण्याचा अधिकार वाचकाच्या हातीं शेवटपर्यंत राहतो. स्वेंगालीच्या कथेचा आनंद निर्धास्तपणें घेतां येतो तो या अधिकारामुळेंच. आणि पुस्तकाबाहेरच्या जगांत कोणी गोड शब्दांनीं, भक्तीच्या नांवानें किंवा राष्ट्राच्या नांवानें तो मागूं लागला, तर तो कोणालाही न देण्याचा धडा अशा कथांतून घेण्यासारखा आहे.